यादी नको, एकच अल्बम आणा

प्रश्न : आम्ही सहा-सात मित्रमैत्रिणी दर जानेवारीत कुणाच्या तरी घरी जमतो आणि सरल्या वर्षातले आवडते अल्बम एकमेकांना सांगतो. गेल्या खेपेला प्रत्येकाने दहा-दहा नावं आणली. रात्री उशिरापर्यंत नुसता वाद, धड एकही अल्बम ऐकून झाला नाही. जुनं रेकॉर्डिंग नव्याने निघालं तर ते धरायचं का, यावरून दोघांचं बिनसलं ते वेगळंच. यंदा काय करावं? आणि २०२४ मधला तुमचा आवडता अल्बम कोणता?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दहा नावं आणणाऱ्याने त्यातले सात पूर्ण ऐकलेले नसतात, हे नाशिकच्या मेन रोडला कॅसेटचं दुकान चालवलेला माणूस म्हणून सांगतो. दुकानात येऊन धडाधड नावं घेणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा हात हलवत परत जायचं. घेणारा यायचा तो एकच नाव घेऊन, तेही अर्धवट. मग काउंटरवर बोटांनी ठेका धरून गुणगुणून दाखवायचा आणि मागे उभे असलेले चार जण त्याला दुरुस्त करायचे.

म्हणून माणशी एक अल्बम, बस्स. आणणाऱ्याने तो कुठे, कधी ऐकला तेवढं सांगायचं. ‘अप्रतिम’ आणि ‘अफलातून’ या शब्दांना त्या रात्रीपुरती बंदी घाला. ‘सिन्नरहून एसटीने येताना लावला आणि द्वारका चौक कधी आला कळलंच नाही’ असं कुणी म्हणालं, की बाकीच्यांचे कान आपोआप टवकारतात.

वाजवायचं ते पहिल्यापासून आणि क्रमाने. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असायची, तेवढाच वेळ प्रत्येकाला द्या. सात जणांचं अडीच तासांत आटोपतं, मध्ये चहा-चिवडा धरून. क्रमाचा आग्रह म्हातारचळ वाटत असेल, तर १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावून बघा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात मांडलाय. सुरुवातीला पहाटेचा अहिर भैरव, मग पिलू, भूप, देस असं करत शेवटी पहाडी. आता हाच शफलवर टाका. गडी न्याहारीआधीच झोपायला जाईल!

तुमच्या त्या दोघांचं भांडण यंदाही पेटणार, याचा मला अंदाज आहे. सप्टेंबर २०२४मध्ये नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा ‘चेन ऑफ लाइट’ निघाला. रेकॉर्डिंग १९९०चं, इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओतलं. टेप संग्रहात तशीच पडून होती. चारच कव्वाल्या आहेत आणि त्यातली ‘या गौस या मीराँ’ आधी कधी बाहेर आलेलीच नव्हती. खाँसाहेब १९९७ला गेले. मग हा अल्बम २०२४चा नाही तर कधीचा? माझ्या हिशेबी वर्ष ऐकणाऱ्याचं धरायचं. त्याच न्यायाने कुणी ‘शक्ती’ या बँडचा ‘धिस मोमेंट’ आणला तरी चालवून घ्या. अल्बम २०२३चा, पण ग्रॅमी मिळालं फेब्रुवारी २०२४मध्ये. त्या एका रात्रीत ‘शक्ती’तले तबलावादक झाकिरभाई हुसेन यांनी तीन ग्रॅमी घेतले आणि १५ डिसेंबरला ते गेले. त्या आठवड्यात अनेकांनी तो पहिल्यांदाच पूर्ण ऐकला असणार. त्यांना नियम काय दाखवता?

आता माझा. मलाही एकच नाव घ्यावं लागणार, तर अरूज आफताबचा ‘नाइट रेन’ (Night Reign). लाहोरला वाढलेली, न्यूयॉर्कला राहणारी ही बाई इतक्या खालच्या आवाजात गाते, की घरात पहिल्यांदा लावला तेव्हा बायकोने विचारलं, ‘ही गायला कधी सुरुवात करणार?’ दुसरं गाणं अर्धं झालं होतं. हार्पच्या तारा आणि मध्ये भरपूर मोकळी जागा, म्हणून दिवसा हा अल्बम लावूच नका. रिक्षाच्या हॉर्नखाली तो सापडायचा नाही. जॅझवाल्यांनी गाऊन गाऊन झिजवलेलं ‘ऑटम लीव्हज’ तिने असं काही उलगडलंय, की ओळखायला वेळ लागतो. पण मी अडकलो ते ‘ना गुल’ला. शब्द आहेत माह लका बाई चंदाचे. अठराव्या शतकातली हैदराबादची ही कवयित्री, म्हणजे आपल्या दख्खनचीच, आणि तिची उर्दू आपल्याकडे यावी ती ब्रुकलिनमार्गे!

मराठी अल्बम का नाही, असं विचारालच. हल्ली बहुतेक नवी मराठी गाणी सुटी सुटी येतात, एकेक व्हिडिओसकट. गाणी चांगली असतात, पण सलग चाळीस मिनिटं ऐकावं असं त्यातून हाती लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं, तर मला जरूर कळवा.

प्रश्न : वडिलांना गायक द. वि. पलुस्कर फार प्रिय. मुलांना त्यांचा कोणता अल्बम द्यावा?
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर : पलुस्कर तुमच्याच गावचे. जन्म नाशिकचा, २८ मे १९२१. वडील पं. विष्णु दिगंबर, पंचवटीतल्या रामनाम आधार आश्रमाचे संस्थापक. १९५५ला, चौतिसाव्या वर्षीच द. वि. गेले. त्यांचा काळ मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांचा, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यामुळे आज अल्बम म्हणून मिळतात ती बहुतेक कंपन्यांनी नंतर केलेली संकलनं. कुठलंही घ्या, मात्र मुलांना आधी ‘ठुमक चलत रामचंद्र’ ऐकवा आणि मग ‘बैजू बावरा’तली (१९५२) अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी. ख्यालाची घाई करू नका. आजोबा शेजारी बसणार असतील, तर तुम्ही मध्ये बोलूच नका.

प्रश्न : अशा बैठकीला मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकर चालेल का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : चालेल. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात खुपसू नका, खर्ज उगाच घुमतो. अल्बम आधी उतरवून ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि ब्लूटूथ तेवढं परत चालू करा. नाहीतर ऐन आलापात कुणाच्या तरी बँकेचा मेसेज येतो.