सॉफ्टवेअर म्हणतंय 58, प्रत्यक्षात 79

प्रश्न : सर, आमचं कुंडईला छोटं वर्कशॉप आहे. फेरीच्या धक्क्यावर लावायला सोलर चार्ज कंट्रोलरचा (सोलर पॅनलमधून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ॲल्युमिनियमचा सीलबंद डबा करतोय, 200 बाय 150 बाय 80 मिमी, आत 30 वॉट उष्णता. सॉलिडवर्क्समध्ये थर्मल सिम्युलेशन केलं तर मॉसफेटची (वीज चालू-बंद करणारा, तापणारा भाग) प्लेट 58 अंश दाखवतं, शेडमध्ये थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावलं तर 79! मेश (हिशोबासाठी मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक करून पण काय फरक नाही. सॉफ्टवेअर बदलू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अहो सॉफ्टवेअर राहू दे. मेश बारीक करूनही आकडा हलत नाही म्हणजे गडबड इनपुटमध्येच असणार. आधी कागदावर बघा, डब्याचं बाहेरचं क्षेत्रफळ साधारण 0.12 चौरस मीटर, वारा नसताना कन्व्हेक्शन (हवेतून जाणारी उष्णता) आणि रेडिएशन (किरणांनी जाणारी) मिळून चौरस मीटरला अंशामागे 8 वॉट धरले तर 30 वॉट बाहेर टाकायला डबा हवेपेक्षा 31 अंश तरी तापणारच. 58 मधून 31 गेले, उरले 27, म्हणजे तुम्ही बाहेरची हवा 25 च्या आसपास धरलेली दिसते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 25 कुठून आणणार? 33-34 घाला.

राहिलेले बारा-तेरा अंश बहुतेक प्लेट आणि डब्याच्या जोडात अडकलेत. असेंब्लीत दोन पार्ट टेकले की सॉफ्टवेअर डिफॉल्टला ते एकजीव धरतं, खरं तर स्क्रू कितीही आवळा, मधे हवेची फट राहतेच आणि हवेची कंडक्टिव्हिटी, म्हणजे उष्णता वाहून न्यायची क्षमता, फक्त 0.026 (वॉट प्रति मीटर प्रति अंश), साध्या थर्मल पेस्टचीही 1 च्या आसपास किंवा वर असते. पेस्ट लावा, पण पातळ, भिंतीला पुट्टी मारल्यासारखी नको. आणि मॉडेलमध्ये काँटॅक्ट रेझिस्टन्स, म्हणजे जोडातून उष्णता जायला होणारा अडथळा, टाका.

मला खरी काळजी धक्क्यावरच्या उन्हाची वाटते. भर दुपारी चौरस मीटरला 1000 वॉटच्या आसपास ऊन पडतं, डब्याचं झाकण 0.03 चौरस मीटर, काळं ॲनोडाइज (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर देऊन रंगवणं) केलंत तर पंचवीसेक वॉट सूर्यच आत घालणार, आणि कंट्रोलर सगळ्यात जास्त तापतो तोही तेव्हाच. काळा रंग उष्णता चांगली फेकतो हे खरं, पण या तापमानाला पांढरा पावडर कोटही जवळजवळ तेवढीच फेकतो आणि ऊन खूप कमी खातो. खाऱ्या हवेत कोटिंग तसंही लागणारच ना! वर थोडी फट ठेवून पत्र्याची सावली केलीत तर उत्तम. भोकं पाडायचं मात्र मनात आणू नका, जूनमध्ये आत पाणी जाईल.

आधी हवा आणि जोड हे दोनच इनपुट बदलून परत रन मारा, 79 च्या जवळ आलं की मगच मॉडेलमध्ये ऊन चालू करा.