पाकिटातले जिवाणू मेदाम्लांवरून ओळखता येतात का?

प्रश्न : सोयाबीनच्या बियाण्याला लावण्याच्या रायझोबियम संवर्धकातील (हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या पाकिटातील) जिवाणू त्यांच्या मेदाम्लांवरून ओळखता येतात, असे ऐकले. हे कसे होते, आणि पाकीट कामाचे आहे की नाही हे त्यावरून समजते का? – एक सोयाबीन उत्पादक, लातूर

उत्तर : ओळख पटते, पण ती प्रजातीच्या गटापुरती. शुद्ध स्वरूपात वाढवलेले जिवाणू मिथेनॉलमधील सोडियम हायड्रॉक्साइडसोबत तापवले की त्यांच्या पेशीपटलातील (पेशीभोवतीच्या पातळ आवरणातील) मेदाम्ले, म्हणजे चरबीचे घटक असलेली आम्ले, सुटी होतात. मग आम्लयुक्त मिथेनॉलने त्यांचे सहज वाफ होणारे मिथाइल एस्टर करून ते गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (वाफेतील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) सोडतात. कोणते आम्ल किती टक्के आहे, याचा आलेख मिळतो आणि तो माहीत असलेल्या जिवाणूंच्या नोंदींशी ताडून पाहतात. सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियममध्ये (रायझोबियम गटातील सोयाबीनच्या जिवाणूत) अठरा कार्बनांचे, एक दुहेरी बंध असलेले सिस-व्हॅक्सेनिक आम्ल सर्वांत जास्त असते. हरभऱ्याच्या मेसोरायझोबियममध्ये त्याच्या जोडीला सतरा कार्बनांचे शाखायुक्त आम्लही आढळते.

खरी अडचण वाढीच्या परिस्थितीची आहे. थंडीत तूप थिजते तसे पटल थिजू नये म्हणून तापमान उतरले की बरेच जिवाणू असंतृप्त (दुहेरी बंध असलेल्या, थंडीतही पातळ राहणाऱ्या) आम्लांचे प्रमाण वाढवतात, आणि वाढ थांबत आली की काही जिवाणू त्याच आम्लांचे सायक्लोप्रोपेन (तीन कार्बनांचे कडे असलेल्या) आम्लांत रूपांतर करतात. त्यामुळे वाढीचे माध्यम, तापमान आणि वय तेच ठेवल्याशिवाय दोन आलेखांची तुलना करण्यात अर्थ नाही. ब्रॅडीरायझोबियम तर इतके सावकाश वाढते की वसाहती (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) दिसायलाच पाच ते सात दिवस लागतात. शिवाय झाडांवर गाठी आणून रोग घडवणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमचा आलेख रायझोबियमच्या इतका जवळ जातो की केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

पाकिटाच्या उपयुक्ततेविषयी मात्र ही चाचणी फारसे सांगत नाही. मेदाम्ले पटलातली, तर नत्र स्थिर करण्याची क्षमता जनुकांतली. ती जनुके हरवलेला जिवाणूही तसाच आलेख देईल. पाकिटात जिवंत पेशी किती, हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी वसाहती मोजाव्या लागतात.

शेतात पाहायचे असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास रोप मुळांसकट हलक्या हाताने उपटून मुळांवरच्या, जिवाणू राहतात त्या गाठी चिरून पाहाव्यात. आतून गुलाबी-लाल असतील तर त्या काम करीत आहेत, हिरवट किंवा तपकिरी असतील तर नाहीत. मात्र जमिनीत आधीपासून असलेले ब्रॅडीरायझोबियमही गाठी धरते, म्हणून तुलनेसाठी संवर्धक न लावलेल्या दोन ओळी शेजारीच ठेवाव्यात.