टाकाच यांचा हुद्दा आणि त्यांचा डावा हात

प्रश्न : हंगेरीचे सैनिक कारोली टाकाच यांचा उजवा हात निकामी झाला आणि लगेच त्यांनी डाव्या हाताने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, असे शाळेच्या परिपाठात सांगितले जाते. यात तथ्य किती? माझे वडील लष्करात हवालदार होते, म्हणून टाकाच यांचा हुद्दाही जाणून घ्यावासा वाटतो.
— एक वाचक, दापोली

उत्तर : गोष्ट खरी आहे, परंतु अपघात आणि सुवर्णपदक यांच्यामध्ये दहा वर्षे गेली, हे सांगणारे बहुधा गाळतात. त्याहून अधिक गाळली जाते ती हुद्द्याची हकिगत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी टाकाच उत्तम पिस्तूल नेमबाज होते, पण सार्जंट होते, आणि हंगेरीच्या सैन्यातून केवळ अधिकाऱ्यांनाच संघात घेण्याचा नियम असल्यामुळे त्यांना वगळण्यात आले. हा नियम पुढे उठला. मात्र १९३८ मध्ये सरावाच्या वेळी उजव्या हातात हातबॉम्ब फुटून तो हात जायबंदी झाला.

त्यांनी कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९३९ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्यांच्या रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात पंचवीस मीटरवरील पाच लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची असते आणि त्यासाठी आधी आठ, मग सहा व शेवटी अवघे चार सेकंद मिळतात. खाली धरलेला हात उचलून तो एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर न डळमळता नेण्याची सवय वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी बाणते, त्यामुळे हात बदलणे म्हणजे जवळजवळ नव्याने शिकणेच होते. महायुद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ मध्ये लंडनला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. अर्जेंटिनाचे विश्वविजेते सायेन्स व्हॅलिएंते ५७१ गुणांवर राहिले. १९५२ मध्ये हेलसिंकीला टाकाच यांनी ५७९ गुणांसह पुन्हा सुवर्ण मिळवले, आणि एका गुणाने मागे राहून रौप्यपदक मिळवणारे सिलार्ड कुन हे त्यांचेच देशबांधव होते. माझ्या मते हा दुसरा विजय पहिल्याइतकाच मोठा आहे, पण परिपाठात त्याला जागा मिळत नाही. १९५६ मध्ये मेलबर्नला मात्र ते आठवे आले.

आपल्या वडिलांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो : याच प्रकारात २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताला रौप्यपदक मिळवून देणारे विजय कुमार भारतीय सेनेत सुभेदार होते.