पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने परतलेल्या सैनिकांना शेतजमिनी दिल्या, ती योजना का फसली?

मुळात जमीन फुकट नव्हती. जमीन, घर, गुरं, अवजारं सगळं कर्जावर, आणि हप्ते वर्षानुवर्षं फेडायचे. तुकडे इतके लहान की त्यावर कुटुंबाचं भागेना, आणि अनेकांनी आधी कधी शेती केलेलीच नव्हती. त्यातच शेतमालाचे भाव कोसळले. न्यायमूर्ती पाईक यांच्या १९२९च्या अहवालात सरकारी तोटा सुमारे २ कोटी ३५ लाख पौंड दाखवला आहे, आणि कारणंही साधारण हीच. माझ्या मते दोष सैनिकांपेक्षा आखणीचाच जास्त.

सगळीकडेच फसली असं मात्र नाही. व्हिक्टोरिया राज्यात मिल्ड्युराजवळचं रेड क्लिफ्स टिकलं. तिथे मॅली नावाची झुडपी निलगिरी होती. वरून तोडली तरी जमिनीतल्या गाठाळ खोडातून पुन्हा फुटायची. ती उपटायला 'बिग लिझी' नावाचा अजस्र ट्रॅक्टर लावला. मग मरे नदीचं पाणी पंपाने उचलून द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथला तेव्हाचा मुख्य वाण सुलताना, म्हणजे आपल्याकडचा थॉमसन सीडलेस. द्रावणात बुडवून जाळीवर बेदाणा सुकवायची तिथली जुनी पद्धत तासगावकरांना लगेच ओळखू येईल.

एक गोष्ट फार खुपते. त्याच युद्धात लढलेल्या आदिवासी सैनिकांना या योजनेत जवळजवळ थाराच मिळाला नाही. ज्या जमिनी वाटल्या जात होत्या, त्या मुळात त्यांच्याच पूर्वजांच्या होत्या.