संकेतस्थळावरची किंमत आणि ठरलेला सौदा

प्रश्न : मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते. 2018 सालची माझी पेट्रोल गाडी पाच आठवड्यांपूर्वी यजमानांच्या कंपनीतल्या सहकाऱ्यांना 4,60,000 रुपयांना विकली. द्वारकेजवळच्या मेकॅनिकला दाखवूनच त्यांनी ती घेतली. आता म्हणतात, जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या संकेतस्थळावर 3,75,000 दिसतात, विम्यात तर 3,30,000 आहेत. 85,000 परत द्या, नाहीतर फसवणुकीची तक्रार करतो. 2021 मध्ये डावा दरवाजा आणि बंपर विम्यातून बदलला होता, ते मी ‘किरकोळ काम झालंय’ एवढंच सांगितलं होतं. फॉर्मवर सह्या दिल्या आहेत, पण गाडी अजून त्यांच्या नावावर झालेली नाही.

उत्तर : ताई, 85,000 रुपये लगेच देऊ नका. संकेतस्थळावरचा आकडा हा अंदाज आहे, सरकारी दर नव्हे. मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि ‘स्थिती’ भरली की आकडा येतो. ही स्थिती भरणाराच ठरवतो. ‘उत्तम’ऐवजी ‘बरी’ निवडली, किंवा नोंदणीच्या वर्षाऐवजी आधीचं उत्पादन वर्ष टाकलं, तरी आकडा घसरतो. शिवाय डीलर गाडी घेताना देतो तो भाव, विकताना लावतो तो भाव आणि दोन घरांत होणारा सौदा हे तीन वेगळे भाव आहेत. त्यांनी कोणता पाहिला, हे आधी विचारा.

विम्यातला आकडा म्हणजे आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर भरपाई किती, हे ठरवण्यासाठी तो असतो. पाच वर्षांपर्यंत नव्या गाडीच्या किमतीतून ठरलेल्या टक्क्यांनी घसारा वजा होतो. पुढे कंपनी आणि मालक आपसांत आकडा ठरवतात. तुमची गाडी त्या पुढच्या गटात आहे. बाजारभावाचा पुरावा म्हणून तो फार तोकडा आहे.

भारतीय करार कायदा, 1872 मधल्या कलम 25 च्या दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार मोबदला अपुरा असला म्हणून करार रद्दबातल होत नाही. संमती मोकळी होती का हे तपासताना मात्र न्यायालय तो विचारात घेऊ शकतं. म्हणून सगळं येऊन थांबतं ‘किरकोळ’ या शब्दावर. जाणूनबुजून लपवणं कलम 17 खाली कपट ठरतं. तुम्ही काम झाल्याचं सांगितलंत आणि त्यांनी गाडी मेकॅनिकला दाखवली, या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. पण धक्का सांगाड्यापर्यंत पोहोचला असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर मी तुम्हाला लढायला सांगणार नाही, तडजोड करायला सांगेन. त्या दुरुस्तीचं बिल आणि क्लेमचे कागद काढा, त्यांना स्वतःहून दाखवा. नुसता दरवाजा आणि बंपर असेल तर वाद तिथेच निवळेल. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, फोनही बदलू नका.

पोलिसांत जाण्याची त्यांची धमकी मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक ठरायला सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू लागतो; भावावरून नंतर झालेला वाद दिवाणी असतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही त्यांना सहसा नाही, कारण स्वतःची एक गाडी विकणाऱ्या तुम्ही व्यापारी नाही. डीलरकडून घेतली असती तर गोष्ट वेगळी होती.

मला काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या वाक्याची. गाडी तुमच्या नावावर आहे, म्हणजे ई-चलान तुमच्या मोबाइलवर येणार आणि उद्या अपघात झाला तर नोटीसही तुम्हालाच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, गाडी पुढे हातोहात विकली गेली असतानाही, नोंदणीत नाव असलेल्यालाच भरपाईसाठी जबाबदार धरलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पाच आठवड्यांत दोन्ही मुदती गेल्या.

उद्याच पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म 29 ची, म्हणजे गाडी विकल्याच्या सूचनेची, प्रत द्या आणि पोच घ्या. एक प्रत स्पीड पोस्टाने गाडी घेणाऱ्यांना पाठवा, विमा कंपनीलाही विक्री कळवा. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद नसेल, तर तो आता करून दोघांच्या सह्या घ्या. पैशांचं बोलणं त्यानंतर, यजमानांना सोबत घेऊन, समोरासमोर बसून करा.