पाकिटावर जे नाव, त्याचाच पैसा

प्रश्न : ताई, मी अजनीत राहतो, रेल्वेतून निवृत्त आहे. पेन्शनवर आम्हा दोघांचं भागतं. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमध्ये, नेहमीच्या रविवारच्या दानाशिवाय वर्षभर काही ना काही ‘स्पेशल कलेक्शन’ चालू असतं : मिशन, सेमिनरी (फादर घडवणारी शाळा), पोपसाहेब, पवित्र भूमी. मागच्या पावसाळ्यात पूरग्रस्तांसाठी पाकिटं वाटली, मी पाचशे रुपये घातले. त्या पैशाचं पुढे काय झालं हे वेदीवरून कोणी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी चर्चमध्ये नवे स्पीकर लागले. बायको म्हणते, देवाला दिलं, आता हिशेब मागू नका. मी विचारावं का? आणि दर वेळी द्यायलाच हवं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, जरूर विचारा. वहिनींचं मन मला कळतं, माझी आईही हेच म्हणायची. पण तुम्ही पाचशे रुपये देवाला दिले ते पुरात घर गेलेल्या माणसासाठी. त्या माणसापर्यंत ते पोचले का, हे विचारण्यात अश्रद्धा कसली?

मी बँकेत कॅशियर होते आणि चौदा वर्षं पॅरिशच्या फायनान्स कमिटीवर होते. मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, संपली की वेदीमागच्या खोलीत आम्ही दोघं-तिघं टेबलावर थैल्या रिकाम्या करायचो. चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, रुमालाच्या गाठीतून निघालेली नाणी, मधूनच एखादी कोरी पाचशेची. स्पेशल कलेक्शनची थैली नेहमी वेगळी, तिचा कागद वेगळा. त्यावर किती रुपयांच्या किती नोटा ते लिहायचं आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. ते दोघं एकाच घरातले नसावेत, हा नियम मी कधी मोडू दिला नाही.

असा कटाक्ष का, तर चर्चचाच कायदा तसा आहे. 1983 च्या कॅनन लॉमधला 1267 वा कॅनन, म्हणजे कलम, म्हणतो, की श्रद्धावंतांनी ज्या हेतूसाठी दान दिलं, त्याच हेतूसाठी ते वापरता येतं. पूरग्रस्तांचा पैसा पूरग्रस्तांचाच. स्पीकर कितीही गरजेचे असोत, ते त्या थैलीतून घेता येत नाहीत. त्याच्या आधीचा, 1266 वा, कॅनन सांगतो, की धर्मप्रांतातल्या सगळ्या चर्चमध्ये विशेष दान गोळा करा असा आदेश धर्मप्रांताचे प्रमुख, म्हणजे बिशप, देऊ शकतात, आणि ते दान नंतर धर्मप्रांताच्या कार्यालयात नीट पोचतं करायचं असतं. म्हणजे मिशन रविवारचा पैसा ठेवून घ्यायचा अधिकार तुमच्या फादरांनाही नाही. आणि 1287 व्या कॅननप्रमाणे, लोकांनी चर्चला जे दिलं त्याचा हिशेब लोकांना द्यायचा असतो. तेव्हा तुम्ही कोणाकडे मेहरबानी मागत नाही आहात.

एक मात्र सांगते. स्पीकर त्याच पैशातून आले असं आधीच धरून चालू नका. एखाद्या कुटुंबाने आईवडिलांच्या स्मरणार्थ दिले असतील, पॅरिशच्या चालू खात्यातूनही आले असतील. पूरनिधी गेला असेल आणि सांगायचं राहून गेलं असेल. फार ठिकाणी नेमकं हेच होतं. पैसा जातो, पण बातमी परत येत नाही, आणि मग माणसं मनातल्या मनात हिशेब मांडतात.

पण कधी कधी पैसाही जात नाही. मी ज्या पॅरिशमध्ये होते तिचं नाव लिहीत नाही, पण गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची आहे. गुड फ्रायडेला मिस्सा नसते. लोक क्रुसाचं चुंबन घेतात आणि शेजारच्या ताटात पैसे ठेवतात. ते दान पवित्र भूमीचं. जेरुसलेम, बेथलेहेम, नाझरेथ इथली पवित्र स्थळं आणि तिथले ख्रिस्ती लोक यांच्यासाठी जगभरातल्या चर्चमध्ये ते गोळा व्हावं, असं पोप पॉल सहावे यांनी 1974 मध्ये पुन्हा लिहून सांगितलं. एका वर्षी आम्ही ते मोजलं, पिशवीला गाठ मारली, कपाटात ठेवलं. पुढे ईस्टरची गडबड. डिसेंबरात नाताळच्या गोठ्याचं सामान काढताना ती पिशवी हाताला लागली. आत माझ्या सहीचा कागद. चोरी कोणी केली नव्हती, पण आठ महिने तो पैसा ज्यांचा होता त्यांना मिळाला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी पैसे बिशप्स हाउसला पोचवले, आणि त्यानंतर दर कलेक्शनची पावती आम्ही चर्चच्या दारातल्या फळ्यावर लावू लागलो : रक्कम किती, कधी दिली. कोणीतरी त्या एप्रिलमध्येच विचारलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

म्हणून तुम्ही असं करा. मिस्सेनंतर दारात, चार माणसांत विषय काढू नका. फादरांना वेळ मागा आणि भेटून विचारा. प्रत्येक पॅरिशमध्ये फायनान्स कमिटी असावी असं 537 वा कॅनन सांगतो. तुमच्या कमिटीलाही चार ओळी लिहून द्या : पूरनिधी किती जमला, कोणत्या तारखेला कोणाकडे दिला, पावती आहे का. स्पीकरचा उल्लेख करू नका. उत्तर आलं नाही तर तीच चिठ्ठी आर्चबिशपांच्या कार्यालयात, सदरला द्या.

फादर दुखावतील अशी भीती वाटत असेल तर संत पौलांचं करिंथकरांस दुसरं पत्र काढा, आठवा अध्याय. जेरुसलेमच्या गरिबांसाठी पौल गावोगावच्या मंडळ्यांकडून पैसा जमवत होते. आपलं पहिलं स्पेशल कलेक्शन तेच. तो पैसा न्यायला त्यांनी तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू दिला, आणि कारणही लिहिलं : एवढ्या मोठ्या देणगीबाबत कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये, आमचं वागणं देवापुढे जसं चोख, तसं माणसांपुढेही असावं. खुद्द पौलांना जी काळजी घ्यावीशी वाटली, ती आपल्या पॅरिशला कमीपणाची कशी होईल?

आता द्यायलाच हवं का. चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे आपलं कर्तव्य, असं कॅनन 222 सांगतो, पण रकमेचा आकडा सांगत नाही. त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात पौल म्हणतात, की मनात ठरवलं असेल तेवढं द्यावं. कष्टी होऊन नाही, भाग पाडलं म्हणूनही नाही. एखाद्या रविवारी जमलं नाही तर थैली पुढे सरकवा. मोजणाऱ्याला कोणाची नोट कोणती हे कळत नाही, कळूही नये.

तुम्हाला दोनच निवडायची असतील तर मी मिशन रविवार आणि सेमिनरी म्हणेन. ऑक्टोबरातल्या शेवटून दुसऱ्या रविवारचा मिशनचा पैसा ज्या संस्थेकडून मिशन भागांत जातो, ती 1822 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात पोलिन जारिको या तरुणीच्या खटपटीतून उभी राहिली. रेशमाच्या कारखान्यांतल्या कामकरी बायकांकडून ती आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी हलकं नाणं, गोळा करायची. दहा-दहांचे गट केले होते. तुमच्यामाझ्या चार घड्यांच्या दहाच्या नोटेचं मोल तिने ओळखलं होतं. आणि सेमिनरी तर आपल्या शहरातच आहे. सेमिनरी हिल्सला रोज फिरायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की टेकडीचं नाव सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं आहे? तिथे शिकणारी मुलं उद्या आपल्याच गावांत फादर होऊन येतात.

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी शाळेतून ‘होली चाइल्डहूड’ या मुलांच्या मदतनिधीचा डबा घेऊन आली आहे. तिच्याकडे सुटे सत्तावीस रुपये आहेत. बरं दिसावं म्हणून मी त्यात शंभर घालू का?
— एक आई, जरीपटका

उत्तर : नको. 1843 मध्ये फ्रान्सचे बिशप फोर्बँ-जान्सों यांनी हे काम सुरू केलं तेच मुलांनी मुलांना मदत करावी म्हणून. तुमचे शंभर तुमच्या पाकिटातून द्या. तिचे सत्तावीस तिलाच मोजू द्या, तिलाच डब्यात टाकू द्या, आणि डबा परत करताना शाळेत तिलाच विचारू द्या, की हे कोणत्या मुलांकडे जाणार आहेत.