आधी सोबतचा मजकूर वाच

काल रात्री तुझा मेसेज वाचला. थेसिसला चीनमधल्या ग्वांगझोउ शहराची जुनी वस्ती घेतलीयेस आणि विचारतेस की काका, जिथे सरकारला नाही म्हणायची सोयच नाही तिथे शहर नियोजनातल्या लोकसहभागावर लिहायचं तरी काय. अगं, भरपूर आहे, फक्त सुनावणीच्या फोटोंत शोधत बसू नकोस.

चीनमध्ये 2008 पासून लागू असलेल्या नियोजन कायद्यात आराखडा मंजुरीला जाण्याआधी किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असं लिहिलंय. आपल्याकडेही दावे-आपत्तींना, म्हणजे हरकतींना, मुदत असतेच. पण इथे नगरसेवकाला पुढच्या निवडणुकीत आपल्या दारात यावं लागतं, तिथे तो धाक नाही, आणि मग ते 30 दिवस बहुतेक बोर्ड लावण्यात जातात.

तू आधी स्पेनमधल्या माद्रिदची ओर्कासितास वस्ती बघ. खेड्यांतून आलेल्या मजुरांची चिखलातली झोपडवस्ती, वर फ्रँकोची हुकूमशाही, राजकीय पक्ष काढायला बंदी, पण 1964 च्या कायद्याने संस्था नोंदवता यायची, तर लोकांनी रहिवासी संघ काढला. 1971 च्या आराखड्याला जोडलेल्या निवेदनात लिहिलं होतं की नवी घरं तिथे राहणाऱ्यांसाठीच. तेवढं एक वाक्य त्यांनी धरून ठेवलं, वर्षानुवर्षं, आणि फ्रँको गेल्यावर 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते निवेदन बंधनकारक ठरवलं. आज तिथल्या एका चौकाचं नावच 'बंधनकारक निवेदन' आहे! म्हणून सांगतो, नकाशा नंतर, सोबतचा मजकूर आधी.

आणि आपलं इंदूर विसरू नकोस. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 मध्ये होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला, जुन्या गल्ल्या सरसकट पाडू नका, नेमकं तेवढंच काढा असं तो सांगायचा. प्लेगचे दिवस होते, तर ज्या रस्त्यावर घरं सगळ्यात जास्त झाडून-रंगवून होतील तिथून दिवाळीची मिरवणूक नेली आणि शेवटी प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळला. मला हा किस्सा फार आवडतो, तरी खटकतंच की राबायला लोक होते आणि ठरवायला दरबार. तुझ्या ग्वांगझोउत हाच प्रश्न विचार, लोकांना काय करायला बोलावलं आणि काय ठरवायला.

आमच्या गल्लीत रुंदीकरणाची लाल निशाणं पडली तेव्हा आम्ही आपत्त्या दिल्या, पोच मात्र मागितली नाही, आणि नंतर त्या कागदांचा पत्ताच लागेना. ते अजून सलतं. तिथेही कोणाकडे पोच आहे का बघ, असेल तर ती सोन्यासारखी.

मुलाखतींत कोणाचं नाव, घर नंबर, दाराचा फोटो वहीत नको, फोनमध्ये तर नकोच. तू विमानाने परत येशील, तू जिला भेटशील ती आजी तिथेच राहणार आहे, आणि तिने बोलायला नको म्हटलं तर चहा पिऊन उठ, पुन्हा विचारू नकोस.

सुट्टीत आलीस की रामबागेत ये, आमच्या मोजणीचे कागद काढून ठेवतो.